डबीतली मोहरी

कलावतीबाईंच्या घरची मोहरी नेमकी त्याच आठवड्यात संपावी, याला काय म्हणावं? मे महिना होता. कैरीचं लोणचं नुकतंच बरणीत गेलं होतं आणि जाताना त्याने मोहरीचा डबा पार तळापर्यंत रिकामा केला होता. एरवी भिलाईच्या सेक्टर सहामधल्या त्या क्वार्टरमध्ये मीठ, मोहरी आणि हळद संपल्याचं कधी कोणी ऐकलं नव्हतं. पण मुलगी येणार म्हटल्यावर कलावतीबाईंचं सगळं चित्त दुर्ग स्टेशनाकडे लागलं होतं, आणि बाजार राहूनच गेला.

मुलगी म्हणजे विजया. दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत ती पाच-सहा वर्षं झाडांवर काम करत होती. काय काम, ते कलावतीबाईंनी कधी नीट विचारलं नाही आणि विजयाने कधी नीट सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर त्या "झाडाईची डॉक्टर हाये ते" एवढंच सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आता तिला हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. वाटेत दोन दिवस आईबापांकडे उतरून ती पुढे जाणार होती. रायपूरच्या हिंदी पेपरात तिचा फोटोही आला. फोटो पाहून सख्ख्या मावशीनेही ओळखली नसती, पण नाव मात्र ठळक होतं.

मग काय, ती आली त्या दुपारी अख्खी गल्ली लोटली. कोणी लग्नाचं विचारलं, कोणी पगाराचं. शेजारच्या सिंधुताई तर समोर खुर्ची ओढून बसल्या आणि "पोरगी किती उजळली" असं तीनदा म्हणाल्या. सिंधुताईंचं कौतुक म्हणजे साधं काम नव्हे. त्यांनी वाखाणलेली पपई आठ दिवसांत वाळली होती, हे कलावतीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आठ दिवसांत पपईला पाणी घालायला कोण विसरलं होतं, हा प्रश्न त्या घरात कोणी काढत नसे.

तिन्हीसांजेला विजयाचं अंग तापलं.

"ऊन लागलं असन," विजयाचे वडील देवराव म्हणाले. ते कारखान्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होते आणि घरातही प्रत्येक गोष्टीचा शेरा मारून मोकळे होत. "गोळी द्या अन् झोपू द्या."

"ऊन कायचं? इतक्या बाया पाहून गेल्या तिले," कलावतीबाई म्हणाल्या आणि शेगडीत कोळसे घालायला उठल्या.

मीठ घेतलं, लाल मिरच्या घेतल्या, मोहरीचा डबा उघडला आणि मग आठवलं. आता मागायची कोणाकडे? लगतचं घर सिंधुताईंचं. जिची दृष्ट लागली तिच्याच दारात मोहरी मागायला जायचं, इतक्या भोळ्या कलावतीबाई नव्हत्या. त्यांनी फडताळ धुंडाळलं, देवघराखाली पाहिलं, शेवटी फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्यामागे एक लहान स्टीलची डबी होती. उघडून पाहतात तो काय, आत मूठभर मोहरी. बारीक, काळीभोर, निवडलेली. देवरावांना काहीही फ्रिजमध्ये ठेवायची खोड होती. एकदा तर त्यांनी बुटांचं पॉलिश ठेवलं होतं. त्यांचंच काम, असं म्हणून कलावतीबाईंनी सगळी मोहरी मुठीत रिकामी केली.

विजया ग्लानीत होती. "आई, ये सब क्या है," ती पुटपुटली.

"असू दे. पूर्वेकडं तोंड करून बस."

ती बसली. कलावतीबाईंनी डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवली, आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची सगळ्यांची नावं न घेता घेतली, सिंधुताईंच्या नावापाशी मनात जरा जास्तच जोर दिला, आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली. मोहरी तडतडली, अंगणभर उडाली. मिरच्यांचा ठसका मात्र कोणालाच लागला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर. कलावतीबाईंनी देवरावांकडे अशा नजरेने पाहिलं की ते मुकाट्याने पेपर उघडून बसले.

निखारे विझल्यावर त्यांनी अंगण झाडून घेतलं, उडालेले दाणे राखेत घेतले, ती राख सुपात भरून कोपऱ्यावरच्या चौकात टाकून आल्या. येताना मागे वळून पाहिलं नाही. विजयाचा ताप उतरला. तिने दोन घास वरणभात खाल्ला आणि आईच्या पदराला हात पुसला, लहानपणी पुसायची तसा. कलावतीबाईंना त्या रात्री फार छान झोप लागली.

सकाळी विजयाने फ्रिज उघडला. दह्याचं भांडं बाहेर काढलं, दूध काढलं, भाजीचा ट्रे काढला.

"आई, इथे माझी डबी होती."

"मोहरीची? घेतली मी काल."

"कशाला?"

"कशाले म्हणजे? तुलेच तं ओवाळली."

विजया तिथेच, ओट्याला टेकून, खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही. फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं तेही तिला कळलं नाही. कलावतीबाईंच्या काळजात धस्स झालं. पोर रडली असती तर त्यांना समजलं असतं, काय करायचं ते.

"डबी मीच देल्ली होती तिले," देवराव दारातून म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "पुडी फाटली होती तिची. तुमी चहा करून राहिल्या होत्या. सांगाचं राहून गेलं."

मग विजयाने सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं. जळू रक्त पिते तेव्हा तिच्या लाळेतल्या एका प्रोटीनमुळे रक्त गोठत नाही. हृदयाच्या रोग्यांना त्या प्रोटीनचं फार मोठं औषध होतं, पण जळवा पिळून किती निघणार? म्हणून जळवेतला तो गुण तिने मोहरीच्या झाडात घातला होता. शेतात मोहरी पिकवायची, बी घाण्याला लावायचं, औषध वेगळं काढायचं आणि उरलेल्या तेलावर डिझेलचा पंप चालवायचा.

"जळू?" कलावतीबाई म्हणाल्या. "मोहरीत?"

त्यांना माहेरचं तळं दिसलं. म्हशीच्या पायाला चिकटलेल्या, फुगलेल्या, मीठ टाकल्यावर गळून पडणाऱ्या त्या काळ्या जळवा दिसल्या. ते आपल्या फ्रिजमध्ये होतं, देवाच्या दह्यामागे. ते आपण मुठीत धरलं. पोरीच्या तोंडावरून उतरवलं. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्या मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. माणसाने असलं काही करावं? आणि ते आपल्या पोटच्या पोरीने?

हात धुता धुता त्यांनी मागे पाहिलं. विजया अजून तशीच बसली होती, रिकाम्या जागेकडे पाहत. आणि तेव्हा कुठे कलावतीबाईंना खरा धक्का बसला. जळवेचा नव्हे, दुसराच.

"दिल्लीले दुसरी असन ना? अजून?"

"नाही. एप्रिलमध्ये झाडांच्या काचघरातला कूलर बंद पडला. शनिवार-रविवार होता. सोमवारी जाऊन पाहिलं तर सगळी झाडं उभ्या-उभ्या वाळलेली. एकाच झाडाच्या शेंगा भरल्या होत्या." ती थांबली. "तेच बी घेऊन चालले होते. हैदराबादवाल्यांनी मला त्या बीसाठीच बोलावलंय, आई. बी नाही तर मी तिथे जाऊन काय करू?"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. कलावतीबाईंना हसू सुचणं शक्य नव्हतं. त्यांनी ओले हात पुसले नाहीत. कोपऱ्यातलं सूप उचललं, पिठाची चाळणी घेतली आणि पायात चप्पल न घालता बाहेर पडल्या.

"आई, कुठे चाललीस?"

त्या चौकाच्या वाटेला लागल्याही होत्या. काल मोहरी अंगणभर उडाली होती. उडालेली तरी जळाली नसेल.

राख चौकात जशीच्या तशी होती. कोण हात लावणार? कारखान्याच्या जनरल शिफ्टला जाणाऱ्यांच्या सायकली येत होत्या आणि तिथे पोचल्या की वळसा घालून जात होत्या. एक सायकलवाला तर उतरून, सायकल हातात धरून लांबून गेला. मधोमध अर्धवट जळालेली मिरची पडली होती. कलावतीबाई तिच्याजवळ मांडी घालून बसल्या.

सिंधुताई फाटकात उभ्या होत्या. त्यांच्या हातातला तांब्या कलंडून पाणी पायावर सांडलं. "अवो, कलावतीबाई, उतारा हाये तो," त्या कसंबसं म्हणाल्या.

कलावतीबाईंना ते सांगायला हवं होतं का? विजया शाळेत असताना रस्त्यातल्या लिंबावरून उडी मारून गेली, म्हणून त्यांनी तिला भर रस्त्यात थोबाडीत मारली होती. टाकलेलं उचललं की ज्याचं त्याच्याकडून सुटून उचलणाऱ्याच्या मानगुटीवर बसतं, यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा देवरावांच्या पेन्शनवरही नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात राखेत घातले.

कोणीतरी मनगट धरलं. विजया होती, धापा टाकत.

"हात नको लावू त्याले," ती म्हणाली. "आई, तुले लागन ते."

बोलली आणि स्वतःच दचकली. इतकी वर्षं घरात हिंदी नाहीतर पुस्तकी मराठी झाडणारी, दृष्टीला हसणारी पोर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मनगटावरची पकड सुटत नव्हती. कलावतीबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. पोर बियांसाठी धावत आली नव्हती.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तुही दृष्ट होती, माही होईन. सोड हात."

विजयाने हात लगेच सोडला नाही, पण तीही खाली बसली. मग दोघी राख चाळू लागल्या. सायकली लांबून जात राहिल्या. देवराव टोपी घालून आले आणि दोघींवर सावली पडेल असे सरकून उभे राहिले. चाळणीत कोळशाचे खडे येत, मिठाचे काळपटलेले कण येत. विजया एकेक कण नखावर घेऊन पाही आणि बाजूला टाकी. ऊन वर आलं. कलावतीबाईंचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि त्यांनी एकदाही ते पदराला पुसले नव्हते.

शेवटी विजया म्हणाली, "मिळाले, आई. बस, एवढे पुरे आहेत." तिने तळहात पुढे केला. त्यावर काही दाणे होते.

कलावतीबाईंनी वाकून पाहिलं. जन्मभर फोडण्या घातलेल्या बाईला तडकलेली मोहरी ओळखायला चष्मा लागत नाही. एकही दाणा शाबूत नव्हता.

त्यांनी मान वर केली. पोर हसायचा प्रयत्न करत होती.

"सापडली ना," कलावतीबाई म्हणाल्या, "मंग चाल घरी. ऊन लागून राहिलं तुले."