दोनशे अंशांपर्यंतच

कफ्र अल-झय्यातच्या कारखान्यात तेलात हायड्रोजन सोडून वनस्पती तूप करायची टाकी बयूमीने बावीस वर्षं चालवली. आम्ही सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचो. मी, हिल्मी, त्याच्या हाताखाली. टाकीच्या पोटावर पितळी पट्टी होती: दाब सहा बार, तापमान दोनशे अंश.

रमजान तोंडावर आला, तुपाची मागणी वाढली. नवे व्यवस्थापक वगदीसाहेब म्हणाले, "दोनशे चाळीसवर चालवा. घाणा लवकर उतरेल."

"साहेब, आधी पट्टी वाचा," बयूमी म्हणाला.

"वाचली. सहा लिहिलंय, आपण पाचवर चालवतो. आकडे कळतात ना तुला?"

"ते सहा दोनशे अंशांपर्यंतचेच. त्याच्या वर पोलादाचा जोर कमी होतो, आणि झाकणाचं पॅकिंग तर त्याआधीच जातं. तिथे पाच तरी सोसतील असं कुठे लिहिलंय?"

"फार शहाणा झालास! जा, पिंपांच्या आवारात जाऊन बस."

जाताना बयूमी मला म्हणाला, "तू तरी नाही म्हण."

"उस्ता, मला चार मुली आहेत."

"आणि मला काय मांजरं आहेत?"

अकरा दिवस टाकी मी चालवली. बाराव्या दिवशी दुपारी झाकणाचं पॅकिंग फाटलं आणि वायू किंचाळत बाहेर पडला. मी पळालो. बयूमी आवारातून उलटा आत धावला, वायूचा नळ बंद केला. तेवढ्यात भडका उडाला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्याने प्राण सोडला.

चौकशीला तिघे आले.

"दाब किती होता?"

"पाच, साहेब."

"पट्टीवर?"

"सहा."

"म्हणजे मर्यादेतच."

तापमान त्यांनी विचारलं नाही. वगदीसाहेब समोरच उभे होते. मीही सांगितलं नाही. अहवालात बयूमीबद्दल एकच ओळ आली: परवानगी नसताना विभागात शिरलेला कामगार.

नवं पॅकिंग बसलं. आता टाकी एकशे नव्वदवर चालते. त्यासाठी कुणाला काही बोलावं लागलं नाही. उस्ता मात्र आता मला म्हणतात.

त्याच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी मी बयूमीच्या घरी गेलो. त्याची बायको सब्रिया दारातच उभी राहिली.

"पट्टीवर दुसरा आकडाही होता ना, हिल्मी? घरी आला की तेच बोलायचा."

"होता, वहिनी."

"मग?"

ती ओरडली नाही, रडली नाही. आत वळून सुनेला म्हणाली, "चहा टाकू नकोस गं. हा निघालाय."