न मोजलेली कमान

उन्मेष देवपुजारी फोनवर फार गोड बोलतो. पुरातत्त्व खात्यातला नवा इंजिनीअर, जिभेवर साखरच. "काका, फत्तेखेड्याच्या मशिदीची दुरुस्ती तुमच्याच नकाशावरून होऊन राहिली. रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय. नाही म्हणायचं नाही हं!"

त्याच खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन धम्मानंद गजभिये यांनी 'बरं' म्हणून फोन बंद केला. नागपुरातल्या बेसाच्या फ्लॅटमध्ये ते फोन हातात धरून नुसते बसून राहिले.

"अवो, सत्काराचं ऐकून माणसं हसतात," त्यांची बायको सरिता म्हणाली. "तुमचं तोंड काहून असं झालं?"

"उजवीकडच्या कमानींचं काम कुठवर आलं ते विचारायचं राहिलं," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी खुंटीवरचा शर्ट काढला. बायकोला पस्तीस वर्षांत जे सांगितलं नाही ते आता दारात उभं राहून काय सांगणार, कपाळ!

मशीद इमादशाहीतली, वऱ्हाडचा कारभार एलिचपुरातून चालायचा तेव्हाची. काळा दगड, चुन्याची जुळणी, आत तीन घुमट. दर्शनी भिंतीला सात कमानी; मधली सगळ्यांत उंच आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर कोरलेली कमळं. ती कमळं पाहून सव्वीस वर्षांचा ड्राफ्ट्समन धम्मानंद पहिल्या दिवशी जेवायचंसुद्धा विसरला होता. महिनाभर तो तिथंच राहिला. मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला मशिदीचे रखवालदार शेख गुलाब. फीत धरता धरता त्यांनी सांगितलं होतं, "साहेब, सातवी कमान लहान आहे बरं. तिथं फकिराची कबर होती. सुभेदार म्हणे, कबर हलवा. कारागीर म्हणे, झोपलेल्याले काहून उठवता, मीच कमान आखडतो. आमच्या पणजोबापासून हेच सांगत आले."

धम्मानंदने मान डोलावली. पण सातवीच्या बाजूच्या, उजवीकडच्या तिन्ही कमानींत आग्यामोहोळ लटकलेलं. जवळ जायची सोय नाही! दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी नागपूरहून साहेबांचा निरोप, सोमवारी नकाशा टेबलावर पाहिजे. मग त्याने केलं काय, तर मधली आणि डावीकडच्या तीन कमानी नीट मोजल्या, नागपूरला आल्यावर ट्रेसिंग पेपर उलटा करून उजवीकडे ठेवला आणि पेन फिरवलं. अर्ध्या तासात सातही कमानी उभ्या. हा उलटा कागद ड्राफ्ट्समन मंडळींना नवीन नाही, घाईत सगळेच करतात. फक्त खाली 'प्रत्यक्ष मोजमापावरून' असं लिहून सही करायची नसते. यानं ती केली. साहेब म्हणाले, काय जुळणी आहे हो दोन्ही बाजूंची! आणि पाठ थोपटली.

मोहोळ उठलं की परत जाऊन मोजू, असं त्यानं ठरवलं होतं. कसलं परत अन् कसलं काय! दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की त्यांचा आवाज बसायचा. सरिताला वाटायचं, खोकला आहे.

ऑफिसात उन्मेष उठून उभा राहिला, पाया पडला, चहा मागवला. धम्मानंदनी चहाला हात लावला नाही. "सातवी कमान मी मोजलीच नव्हती. ती नकाशापेक्षा अरुंद आहे. तिकडं हात लावू नको गा, मी पाया पडतो तुझ्या."

उन्मेषचा चेहरा उतरला. उठून त्यानं दार लोटलं आणि मोबाइलवरचा एक फोटो उघडून पुढे धरला. सातवी कमान नवी, घासूनपुसून, बाकीच्या सहांसारखी.

"दोन फूट कमी भरली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्हाले वाटलं, मागाहून कोणीतरी डागडुजी करून बिघडवली. मागच्या महिन्यात पाडली. तुमच्या मापानं नवी केली."

"आणि कबर?"

"पाया तिच्यावरूनच घ्यावा लागला. तो म्हातारा रखवालदार खूप भांडला, कामावर आडवा झोपला होता. मग तुमचा नकाशा दाखवला, तेव्हा उठला." उन्मेषनं मोबाइल खिशात टाकला. "काका, आता हे बोलून ती कमान परत येते का? माझीही नोकरी जाईल. रविवारी या, शाल घ्या, विषय संपवा."

साडेचारशे वर्षं उभी होती ती. एका माणसानं एका मुर्द्याचा मान राखला, म्हणून अरुंद होती. मोहोळाला भिऊन पळालेल्या धम्मानंद गजभियेनं ती कागदावर पाडली, आणि मजुरांनी फक्त उरलेलं काम पुरं केलं. शरमेनं त्यांना तिथं बसवेना.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी गुलाबचाचांचा नंबर लावला. तो तेवढा त्यांनी निघताना उन्मेषकडून मागून घेतला होता.

"साहेब!" पलीकडून म्हातारा आवाज आनंदानं फुटला. "आठवण ठेवली गरिबाची! मीच माफी मागणार होतो तुमची. तुमच्या कामाले मी आडवा आलो."

"चाचा, ऐका. तुम्ही बरोबर होते. सातवी लहानच होती. मी मोजली नव्हती."

चाचा हसले, समजूत घालावी तसे.

"मले बरं वाटावं म्हून बोलता न साहेब? मोजली कशी नाही? फितीचं टोक मीच तर धरलं होतं. खाली तुमची सही आहे, मी सोताच्या डोळ्यानं पाहिली. म्हातारपणी डोक्यातलं सारं सरमिसळ होते पाहा. आमचे बापजादे उगाच काहीबाही सांगत आले. मी घरात सगळ्यायले सांगून टाकलं, ते कबरीचं काही खरं नव्हतं म्हून."