पट्ट्यातली ढील

नख... मागच्या उजव्या पायाचं, मधलं. टोकाला वरून झिजून चपटं झालेलं (पाय ओढत चाललं की नख वरच्या बाजूने घासतं, हे तिला आता कळतं), पण मुळाशी नव्याने आलेला भाग काळाभोर, गोल, धड होता. तिने तो अंगठ्याने पुन्हा चाचपला. मुकादमाने एक डोळा किलकिला केला, तपासणी मंजूर असल्यासारखा परत मिटला.

मुकादम हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. बुटकं, लांबोडकं कुत्रं, काम काडीचं नाही. तिच्या शिलाई मशीनखाली बसून नजर मात्र प्रत्येक टाक्यावर. त्याच्या मणक्यांमधली गादी सरकली, एका सकाळी मागचे पाय परके झाले, आणि ऑपरेशन होऊन तो घरी आला तो पाठीवरचे केस भादरून, टाक्यांची लांब ओळ घेऊन. तिचा जीव टांगणीला लागलेला, तरी मनात आलंच – डॉक्टरीणबाईंचा हात सफाईचा आहे.

मग मशीनशेजारी फळ्यांचं कुंपण. उडी नाही, जिना नाही, सोफा तर नाहीच. आणि अंगणात नेताना पोटाखालून धरायला पट्टा. तो तिनेच शिवला, नवऱ्याच्या जुन्या पँटचा, आतून मऊ अस्तर लावून. "माझी पाठ धरते तेव्हा मला कुणी पट्टा शिवत नाही," नवरा म्हणाला होता. "तुम्ही माझ्या शिवणीवर लक्ष ठेवता का?" तिने विचारलं होतं.

आयुष्यभर लोकांचे कपडे शिवताना ती शिवणीच्या आत थोडं कापड राखत आली. माणूस सुटतो, पोर वाढतं, उसवून सैल करता आलं पाहिजे. पट्ट्यात मात्र तिने बोटभरही राखलं नाही. ती उभी राहिली की तिच्या मुठीपासून त्याच्या पोटापर्यंत तो ताठ, आणि रोज अंगणात चारी पाय कसे डौलात पडत... काल दवाखान्याच्या बोळातही पडले. ती ऐटीत चालवून दाखवत होती. डॉक्टरीणबाई बघत राहिल्या, मग हसून म्हणाल्या, "काकू, चालतंय कोण? तो, की तुमचा हात?"

त्यांनी पट्टा सैल करून दाखवला. मागचा भाग डुलला, पाय एकमेकांत अडकले, मुकादम हळूच बसला.

"बसू दे. जखम भरलीय. आता वजन त्यालाच घेऊ दे, नाहीतर पाय शिकणार कधी?"

बसू दे म्हणे. बोलायला काय जातं! घरी येताना रस्ताभर तिच्या मनात तेच घोळत होतं. म्हणजे इतके दिवस मी जे कौतुकाने बघत होते ते माझ्याच खांद्याचं चालणं... आणि खरं सांगायचं तर हे दिवस मला आवडले. मुलगी मोठी झाल्यावर इतकं कुणी माझ्या हातावर विसंबलं नव्हतं. हाक मारायची गरज नाही, कुठे हुंदडायला गेला म्हणून शोधायचं नाही. मशीन चालू, आणि शेजारी त्याचा श्वास. तो बरा व्हावा म्हणून जीव तोडून झटत होते, आणि असंच राहिलं तरी चालेल असंही कुठेतरी वाटत होतं. दोन्ही खरंच.

आज दुपारी तिने पडद्यांचं काम बाजूला सारलं, पट्ट्याची शिवण उसवली आणि उरलेल्या पँटचा तुकडा मध्ये जोडला. रंग जरा वेगळा दिसत होता. दिसू दे.

"अगं, मी येऊ का धरायला?" नवऱ्याने आतून विचारलं.

"नको. तुम्ही आलात तर दोघं धरत बसू."

अंगणात ऊन उतरलं होतं. तिने पट्टा घातला, ती उभी राहिली. पट्टा त्याच्या पोटाखाली नुसता लोंबत राहिला. हाताला वजन लागेना, आणि तिला कळलं की आपला उजवा खांदा अजून कानाशी चढलेला आहे. तिने तो खाली आणला. मुकादमाचं मागचं अंग थरथरलं, एक पाय वाकडा पडला... पडला, आणि त्याचा त्यानेच सरळ केला. मग तो थांबला. नेहमीची ओढ का येत नाही म्हणून त्याने मान वळवून वर पाहिलं, तिची शिवण वाकडी गेली की पाहायचा तसंच.

"बघतोस काय? चल," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

पुढचा पाय नीट पडेल की तो पुन्हा बसेल, तिला सांगता आलं नसतं. मूठ आवळायला शिवशिवत होती. शिवशिवू दे, तिने मनाशी म्हटलं, आणि पट्टा तसाच सैल धरून त्याच्या चालीने चालायला, लागलं तर त्याच्याबरोबर थांबायला, ती तयार झाली.