शिवकन्येचा विषय

"मग विषय कोणता लिहू?" उमादेवी मॅडमनी विचारलं. "तुझा, की प्रभुलिंगचा?"

शिवकन्या पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. कलबुर्गीच्या विद्यापीठातली मराठी विभागाची ही खोली तिला नवी नव्हती. एम.ए.ला असताना ती आणि प्रभुलिंग याच टेबलासमोर उभे राहून मॅडमच्या शिव्या खायचे. तेव्हा ते एकमेकांचे कुणी नव्हते. पुढे नवरा-बायको झाले. आणि आता ती एकटीच आली होती.

"त्याचा विषय घेतलास तर अर्धं काम झालेलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझा घेतलास तर पहिल्यापासून सुरुवात. माझी कशालाच ना नाही. पण पुढच्या वर्षापासून मला पीएच.डी.ला नवीन विद्यार्थी घेता येणार नाहीत. निवृत्ती जवळ आली, की नियमच तसा आहे. करायचं असेल तर यंदाच."

"सोमवारी सांगते, मॅडम. मेहकरला जाऊन येते."

"सासू-सासऱ्यांना विचारायला?"

"विचारायला न्हाई. सांगायला."

बोलून तर गेली, पण काय सांगायचं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

लग्न झालं तेव्हा दोघांनाही पीएच.डी. करायची होती. दोघांनी एकदम करणं जमण्यासारखं नव्हतं. कुणीतरी घर बघायला हवं होतं. प्रभुलिंग म्हणाला होता, "आधी तू कर." ती म्हणाली, "नको, आधी तुम्ही करा. तुमचं झालं की मग माझं." त्यात त्याग वगैरे काही आहे असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. वेळ भरपूर आहे, असंच दोघांनी धरलं होतं. ती भालकीच्या कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून मराठी शिकवू लागली. प्रभुलिंगनं सीमाभागातल्या गावांच्या नावांवर काम सुरू केलं. एकाच गावाला मराठी माणूस काय म्हणतो, कानडी माणूस काय म्हणतो, आणि का, हे विचारत तो सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून औराद, हुमनाबाद, चिंचोळीपर्यंत हिंडायचा. संध्याकाळी धुळीनं भरून यायचा आणि हातपाय न धुताच सांगायला लागायचा. मूलबाळ झालं नाही. घरात ती गावंच नांदत होती.

तिचा विषय ठरलेला होता. मयतीच्या घरी बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्याला हाका मारतात, त्याच्याशी भांडतात, त्याच्या खोड्या सांगतात. दोन भाषांच्या या मुलखात ते रडणं कसं घडतं, यावर तिला लिहायचं होतं. प्रभुलिंग हसायचा. "माझा विषय जित्या गावांचा, तुझा मेलेल्या माणसांचा!"

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याला ताप आला. आधी भालकी, मग बीदर, मग हैदराबाद. आठवडा पुरा व्हायच्या आत तो गेला. ॲम्ब्युलन्स त्याचा देह घेऊन थेट मेहकरला, भालकीजवळच्या त्याच्या गावी, आली.

त्यांच्यातल्या लिंगायत रिवाजाप्रमाणे त्याला कपाळाला विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवलं होतं. सासू, सिद्धव्वा, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून रडत होती. सिद्धव्वाचं माहेर निर्णा गावचं, कानडी. पण मेहकरच्या मराठी घरात आल्यापासून तिच्या तोंडून कानडी शब्द कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशीही ती मराठीतच रडत होती. "ऊठ की रं माझ्या लेकरा, कितीक वेळ बसतूस. दिस वर आलाय, जेवायला..." आणि इथं ती थांबली. पुढचा शब्द आला तो कानडीतून आला. "ऊटक्क बारो, नन्न कंदा." जेवायला ये रे, माझ्या बाळा. त्यानंतर ती सगळं कानडीतच रडली. उन्हाचा कुठं निघालास, आईला विचारलं का नाहीस, असं विचारत राहिली.

आणि नवऱ्याच्या शेजारी बसलेल्या शिवकन्येच्या मनात लख्ख उमटलं, भाषा इथं बदलली. 'जेवायला' या शब्दापाशी.

तिनं तोंडावर हात दाबला. बायांना वाटलं, आता हिचा बांध फुटला. त्यांनी तिला जवळ ओढलं. पण तिला रडू आलंच नाही. आपला माणूस समोर बसवलेला असताना आपण शब्द टिपत होतो, याची इतकी किळस तिला वाटली, की त्या दिवसापासून तिनं विषयाचं नाव काढलं नव्हतं. मॅडमनी बोलावून घेतलं नसतं तर पुढंही काढलं नसतं.

रविवारी ती मेहकरला पोचली तेव्हा सासरे, हावगेप्पा, अंगणात तूर पसरत होते. तिनं मॅडमचं बोलणं सांगितलं. त्यांनी हातातलं फावडं भिंतीला लावलं.

"त्यात इचार काय करायचा? त्याचं अर्धं ऱ्हायलंय, ते तू पुरं कर."

"अप्पा, पुरं केलं तरी डिग्री त्यांच्या नावानं देत न्हाईत."

"ते कळतंय मला. पर लोकं म्हणतील की, हे हावगेप्पाच्या पोराचं काम हाय म्हणून. यवढं तर म्हणतील?"

ती आत गेली.

सिद्धव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं. तव्यावरची भाकर उलटून ती म्हणाली, "तुझा कोन्ता व्हता इषय? कधी बोलली न्हाईस."

शिवकन्येनं सांगितलं. सांगताना तिची नजर चुलीवरच होती. सिद्धव्वाचं भाकरीला पाणी लावायचं राहून गेलं आणि भाकरीला भेगा पडल्या.

"म्हंजे त्या दिवशी तू आयकायलतीस?"

"व्हय, अव्वा."

सिद्धव्वानं तवा उतरवला, पदरानं हात पुसले आणि तिच्याकडं वळली.

"मला त्या दिवसाचं कायबी आठवत न्हाई गं. त्याला कोन्तं धोतर नेसवलं, कोण आलं, कोण गेलं, कायबी न्हाई. मी काय म्हनले त्याला? सांग."

"अव्वा, कामून आता..."

"सांग म्हनतेय न्हवं."

मग शिवकन्येनं सांगितलं. तिची कानडी कच्ची होती, पण ते शब्द पक्के होते. ऊठ की रं माझ्या लेकरा, इथपासून तिनं सुरुवात केली. जेवायला म्हणून थांबली, आणि मग "ऊटक्क बारो, नन्न कंदा" म्हणताना तिचा आवाज चिरला. तरी ती थांबली नाही. सगळं म्हणून झालं तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. सिद्धव्वा मात्र कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. दुसऱ्या कुणा बाईच्या घरचं दुःख ऐकावं तशी.

"यवढं बोलले मी," ती हळूच म्हणाली. "माझी आई आमाला आसंच बोलवायची जेवायला. त्याला बी मी, त्यो ल्हान आसताना, आसंच बोलवायचे, कुणी घरात नसताना."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"त्याला म्हायत व्हतं तुझं हे?"

"व्हय. आधी तू कर, म्हनले व्हते. मीच म्हनले, आधी तुमचं, मग माझं."

"मग आता तुझी पाळी हाय की." सिद्धव्वानं भेगाळलेली भाकर बाजूला ठेवून नवा गोळा हातात घेतला. "कर तू. पर माझं लिहू नको. गावोगावच्या बाया रडतेत, त्यांचं लिही. हे माझं त्याच्यापाशी बोलनं हाय. ते ऱ्हाऊ दे."

"न्हाई लिहीत, अव्वा."

बाहेर येऊन तिनं हावगेप्पांना सांगितलं. मी माझाच विषय घेणार आहे, म्हणाली. गावांच्या नावांचं काम मॅडमच्या ताब्यात देईन, पुढं एखादा पोरगा ते पुरं करील.

"परका पोरगा," हावगेप्पा म्हणाले.

"व्हय, अप्पा."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि न जेवताच शेताकडं निघून गेले. पोराला तिथंच बांधाशेजारी माती दिली होती. त्यांची भाकर सिद्धव्वानं दुरडीत झाकून ठेवली. दोघी जेवायला बसल्या, पण घास कुणालाच गेला नाही.

दुपार कलली तशी शिवकन्या निघाली. सिद्धव्वानं तिच्या पिशवीत तुरीची डाळ घातली आणि दारापर्यंत येऊन थांबली. फाट्यावर भालकीच्या गाडीची वाट बघत असताना हावगेप्पा शेताच्या वाटेनं येताना दिसले. पायांना माती होती, डोळे तांबडे. ते येऊन तिच्यापासून जरा अंतरावर उभे राहिले.

गाडी वळणावर दिसली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"डॉक्टर झाल्यावर नाव कसं लिहितेत?"

"कुनाचं, अप्पा?"

"तुझं. नवऱ्याचं नाव येतंय का मधात?"

"येतंय की," ती म्हणाली. "डॉक्टर शिवकन्या प्रभुलिंग. मग आडनाव."

"पुरं लिहितेत? का नुसतं अक्षर?"

"मी पुरं लिहीन."

हावगेप्पांनी मान हलवली. गाडी थांबली. त्यांनी तिची पिशवी वर दिली आणि दोन पावलं मागं सरले. तिला खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली, तिनं वाकून बाहेर पाहिलं. सासरे रस्त्याच्या कडेला उभे होते, नजर खाली, मातीकडं. त्यांचे ओठ हळूहळू हलत होते, पोराशी बोलावं तसे. इंजिनाच्या घरघरीत तिला काहीच ऐकू आलं नाही.