राणी पत्त्यावर राहत नाही

जयगडच्या वाटेवरच्या आमच्या गावात गंगाराम हा नमन मंडळाचा सेक्रेटरी. शिमग्यातल्या नमनाच्या खेळात कोण कुठलं सोंग घेणार हे ठरवायला तो दरवर्षी मुंबईच्या चाकरमान्यांना कार्डं टाकायचा. त्र्याऐंशी साली मात्र टाकलेली कार्डं परत यायला लागली. गिरण्यांचा संप लांबला होता. माणसं खोल्या सोडून पांगली होती. कार्डावर इंग्रजीत ‘लेफ्ट’ लिहिलेलं असायचं, की काम संपलं.

मंडळाचे अध्यक्ष आप्पा वैतागले. “परत आलं, की नाव कापायचं. आपण काय भिंतीशी बोलतो?”

गंगाराम नावं कापायला बसला आणि विठूच्या कार्डावर अडला. विठू म्हणजे नमनातली राणी. वीस वर्षं लुगडं नेसून तो असा चालायचा, की बायका त्याच्याकडून पदर घ्यायला शिकायच्या. त्याच्या कार्डावर चक्क मराठीत लिहिलं होतं, ‘मालक गेला.’

“गेला?” गंगारामने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. “कुठं गेला?”

बातमी वाडीभर झाली. विठूच्या म्हाताऱ्या आत्याने अंगणात बसून गळा काढला. आप्पा शोकसभेचं बोलू लागले.

गंगारामच्या बायकोने, सावित्रीने, कार्ड हातात घेतलं. “अवो, सगळ्यांचे पोस्टमन इंग्रजीत लिवतात. विठूभावोजींचाच तेवढा मराठीत कसा? आणि माणूस मेल्यावर कोन एवढं वळणदार अक्षर काढत बसतो?”

गंगारामने डोकं खाजवलं. मग कार्डं परत आलेल्या सगळ्यांना त्याने पुन्हा एकेक कार्ड टाकलं. ‘तुमचं सोंग दुसऱ्याला देत आहोत. हरकत असल्यास कळवावे.’ विठूच्या कार्डावर एक ओळ जास्त घातली. ‘राणी बाबल्या होणार. चोळी त्याच्या मापाने उसवत आहोत.’

बरीचशी कार्डं पुन्हा परत आली. ती नावं त्याने जड मनाने कापली. दोघा-तिघांच्या शेजाऱ्यांनी नवे पत्ते कळवले. आणि विठूचं उत्तर तर सगळ्यांच्या आधी आलं. ‘चोळी उसवू नये. बाबल्याला चालता येत नाही.’

आत्या रडायची थांबली आणि शिव्या द्यायला लागली.

शिमग्याला विठू आला तो भरघोस मिशा घेऊन. गंगारामने त्याला एसटीच्या थांब्यावरच गाठलं. “मेल्या, जिवंतपणी स्वतःला मारतोस?”

“मी कुठं मेलो म्हणून लिवलं? गेला म्हणून लिवलं,” विठू खाली बघत म्हणाला. “पोरीला, तुळसाला दापोलीचं स्थळ आलंय. मुलाचा बाप कृषी विद्यापीठात हाय. ती मंडळी नमन बघायला येणार. व्याह्यांनी मला लुगड्यात बघितलं तर?”

“मग येत नाय, असं सरळ लिवायचं.”

“वीस वर्षं हो म्हटलं, गंगाराम. नाय कसं लिवायचं, तेच सुचेना.”

पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, मृदंग वाजला आणि राणी झालेला बाबल्या रिंगणात आला. तिसऱ्याच पावलाला त्याचा पाय निऱ्यांत अडकला आणि तो मृदंगवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला. लोक हसून आडवे झाले. विठू खांबाला धरून उभा होता. “टाच, बाबल्या, टाच आधी!” तो दातओठ खात पुटपुटला. बाबल्या दुसऱ्यांदा पडला, तेव्हा मात्र विठूने त्याला दंडाला धरून आत नेलं.

बाहेर आली ती राणी. पदर नाकावरून ओढून घेतलेला, चालणं तेच जुनं. मागचे लोक उभे राहून बघू लागले. विठू रंगात आला, पतीच्या विरहात त्याने हात वर फेकले आणि पदर सुटला. खाली मिशा!

कोणी हसेना. सगळे दापोलीच्या पाहुण्यांकडे बघू लागले. मुलाचा बाप खुर्चीवरून उठला. विठूने डोळे मिटून घेतले.

“थांबलात का?” पाहुणे ओरडले. “विरह पुरा करा की!”

विठूने तो मिशांसकट पुरा केला.

लग्न वैशाखात झालं. नमनाच्या रात्री तुळसा बायकांच्या घोळक्यात तोंडावर ओढणी दाबून रडत होती. लाजून रडली, की हसून हसून, ते तिने कोणालाच सांगितलं नाही.