सातवी टाचणी

बुधवारी दुपारी शाळा लवकर सुटते, म्हणून हेर्मिनामावशीचा वर्ग बुधवारचा. बेल्मरमधल्या तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवतात त्याच्या शेजारी, एक लांबट खोली आहे. तिथे एकतीस वर्षं ती पोरींना डोईचा रुमाल घडवायला शिकवत आली. आंगिसा म्हणतात त्याला. कापडाला कसाव्याच्या पिठाची दाट खळ द्यायची, इस्त्री फिरवून ते पुठ्ठ्यासारखं कडक करायचं, आणि मग टेबलावर घड्या घालून टाचण्यांनी असं पक्कं करायचं की टोपीसारखं उचलून डोक्यावर ठेवता यावं. प्रत्येक घडीला नाव आहे, आणि प्रत्येक घडी काहीतरी बोलते. मागे मोराच्या शेपटीसारखी पसरली, तर बाई आज मिरवायला निघाली आहे. टोकं ताठ बाहेर काढली, तर 'बोलू द्या लोकांना'. आणखी एक आहे, 'कोपऱ्यावर माझी वाट पाहा'. ती शिकवताना मावशी चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, ही पाठ करून ठेवा, पण घालायची घाई करू नका.

खळीच्या कापडाचं एक असतं. चुकीची मोड पडली की तिचा व्रण राहतो. वरून कितीही दाबा, उजेडात धरलं की दिसतोच. म्हणून मावशीच्या वर्गात 'चालेल' हा शब्द चालत नसे. पोरगी घडी घेऊन आली की मावशी ती नाकाजवळ धरायची, एकदा फिरवायची आणि शांतपणे म्हणायची, "उलगड." मग कापड धुवा, खळ द्या, इस्त्री करा, परत घाला. कुणी रडलं तर तिला आधी आल्याचं सरबत मिळायचं, पण उलगडणं सुटायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी मावशीचे हात कापायला लागले. आधी टाचणी धरताना, मग कप धरताना. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. या वर्षी मानही हलायला लागली, हळूहळू, खालीवर, दिवसभर. वर्ग मात्र थांबला नाही. हात चालले नाहीत तरी तोंड चालत होतं. प्रत्येक घडीचे शब्द तिच्याकडे तयार होते. आधी मधोमध, मग डावं टोक उजव्यावर, मग दोन बोटं सोडून टाचणी. पोरी तिच्या शब्दांवर घड्या घालत आणि त्या बरोबर यायच्या.

एकच घडी उरली होती. मावशीच्या आईची.

समुद्रापलीकडच्या मायदेशी, पारामारिबोच्या घरात मावशीची आई, अल्बर्टिना, ही घडी वर्षातून एकदाच घालायची. एक जुलैच्या सकाळी, गुलामी संपल्याच्या दिवशी. इतर वेळी टाचण्या उशीला खोचलेल्या असत. त्या सकाळी मात्र सात टाचण्या तिच्या ओठांत असत, आणि सातवी लागेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. लहान हेर्मिना टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघायची. रुमाल डोक्यावर चढला की कपाळावर एक टोक उभं राहायचं, आणि आई चालायला लागली की ते टोक पुढे झुकायचं, पुन्हा वर यायचं. मान डोलवल्यासारखं. एकदा तिनं विचारलं, हे कुणाला हो म्हणतंय? आई म्हणाली, "जे आजच्या दिवसापर्यंत पोचले नाहीत, त्यांना." यापलीकडे आईनं त्या घडीबद्दल आयुष्यात काही सांगितलं नाही. तिला नावसुद्धा ठेवलं नाही.

मावशी ती बघून बघून शिकली आणि पंचाहत्तर साली इथे बेल्मरला आल्यावर दरवर्षी घालत राहिली, तशीच, ओठांत टाचण्या धरून. मुलीला, म्युरिएलला, शिकवायचं होतं, पण म्युरिएलला तेव्हा वेळ नव्हता. मग वर्गातल्या पोरींना शिकवायचं ठरलं, पण मावशीच म्हणायची, पुढल्या वर्षी. तुमची बोटं अजून तयार नाहीत. आता विचार केला की तिला वाटायचं, बोटांचं निमित्त होतं. एक तरी घडी आपल्यापाशी राहावी असं आपल्याला वाटत होतं.

जूनच्या पहिल्या बुधवारी वर्ग संपला तरी रावेना गेली नाही. रावेना बारा वर्षांची, चौथ्या मजल्यावरची. बोटं लांब आणि जीभ त्याहून लांब. तिनं कोरं कापड टेबलावर अंथरलं आणि म्हणाली, "पुढलं वर्ष आलं, मावशी. सांग."

मावशी सांगायला बसली. मधोमध मोड. वरचं टोक दोन बोटं सोडून. पहिली टाचणी, दुसरी, तिसरी. इथवर ठीक झालं. मग ती थांबली.

"आता अंगठा आत जातो," ती म्हणाली.

"कुठून?"

"खालून. आणि आतलं टोक वळतं."

"डावीकडे का उजवीकडे?"

मावशीनं डोळे मिटले. पन्नास वर्षं हे केलं होतं, पण कधी उच्चारलं नव्हतं. अंगठा आत जायचा, काहीतरी वळायचं आणि टाचणी लागायची. शब्द कुठे होतेच? तिनं हात पुढे केले, की निदान हात दाखवतील. हात कापडावर आले आणि कापायला लागले. अंगठा घडीत शिरण्याऐवजी तिच्यावर आपटत राहिला, आणि जिथे मोड नको होती तिथे मोड पडली.

रावेनानं कापड उजेडात धरलं. "उलगडू?" तिनं विचारलं.

त्या आठवड्यात तीन कापडं वाया गेली. रावेनानं अंगठा डावीकडून घालून पाहिला, उजवीकडून घालून पाहिला, टोक दुमडून, पिळून, सरळ ठेवून. प्रत्येक वेळी मावशी म्हणायची, असं नाही. कसं, ते तिला सांगता येत नव्हतं. रावेना वैतागून म्हणाली की सांगता न येणारं असं काही शिकवायचं शेवटी ठेवतं का कुणी. म्हणाली, आणि जीभ चावली. मावशीनं तिला सरबत दिलं. या वेळी अर्धा ग्लास स्वतःलाही घेतला.

एक वाट उरली होती. आई गेली तेव्हा धाकट्या बहिणीनं बिस्किटांच्या डब्यातून आईचा शेवटचा रुमाल पाठवला होता, घडी घातलेला, टाचण्या लावलेला, जसा डोक्यावरून उतरवला तसा. छत्तीस वर्षं तो डबा कपाटात होता. मावशी दरवर्षी झाकण उघडायची, बघायची आणि लावायची.

"उघडायचा नाही," म्युरिएल म्हणाली. म्युरिएल इस्पितळाच्या कचेरीत होती आणि आठवड्यातून दोनदा आईचं बघायला यायची. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कापड जुनं आहे, खळ जुनी आहे, मोडेल. त्यापेक्षा काचेच्या पेटीत ठेवू. आजीची तेवढीच वस्तू आहे आपल्याकडे.

"पेटीत ठेवला तर कोण शिकेल?"

"आणि उघडून मोडला तर कोण शिकेल, आई? तू मला सांगायचीस तेव्हा मी ऐकलं नाही, ठीक आहे, चुकलं माझं. पण आता माझ्यावरचा राग आजीच्या रुमालावर काढू नकोस."

मावशीला राग नव्हता. पण हे सांगायला गेली असती तर म्युरिएल रडली असती. म्हणून तिनं फक्त डबा टेबलावर ठेवला आणि रावेनाला हाक मारायला सांगितलं.

दुपारचं ऊन थेट टेबलावर येत होतं. रावेनानं पाकाच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, म्हणजे सगळं त्यात दिसेल. रुमाल निळा-पांढरा होता, निळा आता राखाडी झालेला. टाचण्या गंजल्या होत्या. रावेनानं पहिली फिरवत फिरवत काढली, श्वास रोखून. मग दुसरी. कापडावर प्रत्येकीच्या जागी तांबूस ठिपका राहिला. ते बरं झालं, ती म्हणाली, खूण आपोआपच झाली. सहा टाचण्या बशीत पडल्या. वरची मोड उलगडली, बाजूची उलगडली, आणि म्युरिएलसुद्धा जवळ येऊन वाकून बघायला लागली.

सातवी आत होती. आतलं टोक जिथे वळायचं तिथे, गंजानं आणि खळीनं कापडाशी एक झालेली. रावेनानं नखानं हलवून पाहिली. मावशी म्हणाली, हळू. रावेना म्हणाली, हळूच करतेय. म्युरिएलनं भुवया कोरायचा चिमटा आणून दिला. चिमट्यानं डोकं धरलं, जरासं ओढलं, आणि कोरड्या पानासारखा आवाज झाला.

कापड मोडीवर दुभंगलं. आतलं टोक टाचणीसकट सुटलं आणि टेबलावर पडताना त्याचे चार तुकडे झाले.

रावेनानं तुकडे जुळवून पाहिले. असे ठेवले तर डावीकडे वळल्यासारखे वाटत, तसे ठेवले तर उजवीकडे. फोनमधलं चित्र पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. त्यात तिचाच अंगठा आडवा आला होता. मावशीनं एक तुकडा चिमटीत धरला. हाताच्या कापण्यानं त्याची एक कड चुरली, म्हणून तिनं तो लगेच खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"माझ्यामुळे झालं," रावेना म्हणाली.

"नाही," म्युरिएल म्हणाली, आणि ती आपल्या आईकडे बघत होती.

एक जुलैला उजाडताच रावेना नवा रुमाल घडवून वर आली. जुन्या कापडावरच्या सहा ठिपक्यांच्या मापानं सहा टाचण्या. आतलं टोक तिनं आपल्या अंदाजानं बसवलं होतं. रुमाल सुंदर दिसत होता. पाच हातांवरून बघणाऱ्याला तो अल्बर्टिनाचाच वाटला असता.

मिरवणूक निघाली. फुगीर घागरे घातलेल्या बायका रस्ताभर पसरल्या होत्या, पुढे पितळी वाजंत्री आणि मागे ढोल. दुकानांच्या काचांमध्ये आपलं रूप बघत चालायचं, म्हणून तर हिला मोठ्या आरशाची मिरवणूक म्हणतात. म्युरिएल मावशीची चाकाची खुर्ची ढकलत होती, आणि रावेना खुर्चीशेजारून चालली होती, घागरा सावरत, पाठ ताठ ठेवून. मावशी काचांत बघत होती. चपलांच्या दुकानाच्या काचेत रावेना आली आणि गेली. औषधांच्या दुकानाच्या काचेत आली आणि गेली. कपाळावरचं टोक उभं होतं, नीट, कडक. रावेना पाऊल टाकत होती आणि ते तसंच उभं होतं. एकदाही झुकलं नाही.

बागेत पोचल्यावर माणसांचा समुद्र होता. मोठ्या पातेल्यांतून उकडलेले कंद आणि खारवलेला मासा वाढला जात होता, तळलेल्या केळ्यांवर शेंगदाण्याची चटणी ओतली जात होती, आणि प्रत्येक झाडाखाली वेगळं गाणं चाललं होतं. म्हातारा हम्फ्री ढोल गळ्यात अडकवूनच भेटायला आला. पारामारिबोत तो त्यांच्याच गल्लीत राहायचा. रावेनाकडे बघून तो थबकला आणि त्यानं टोपी काढली.

"अल्बर्टिनाबाईंचा," तो म्हणाला. "अगदी तोच. हेर्मिना, मला वाटलं होतं वर जाताना तू तो बरोबर घेऊन जाशील, कंजूस कुठली."

तो हसला, मग त्याचे डोळे भरले, मग त्यानं सगळ्यांना सांगितलं की हाच तो रुमाल. चार माणसं बघायला आली, मग दहा. फोटो निघाले. म्युरिएल बाजूला उभी राहून कुणाला तरी आजीबद्दल सांगत होती. एवढं तिनं याआधी कधी सांगितलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर रावेना खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. घाम आला होता, पण तिनं रुमालाला हात लावला नव्हता.

"मावशी, खरं सांग. उलगडू?"

एकतीस वर्षांत मावशीनं चुकीची मोड सोडली नव्हती. शब्द ओठांवर आलेलाही होता. पण उलगड म्हटलं, की पोरगी विचारणार, मग कशी घालू. त्याला उत्तर नव्हतं. मावशीनं त्या टोकाकडे पाहिलं. वाराही होता, तरी ते हलत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "खाऊन घे आधी."

रावेना कंद आणि मासा घेऊन आली आणि तिथेच गवतावर बसली. वर्गातल्या लहान पोरी लगेच तिच्याभोवती जमल्या, आठ-नऊ वर्षांच्या, तोंडं केळ्यानं माखलेली. शिकव ना, आम्हालाही हाच शिकव. रावेनानं बशी बाजूला ठेवली, कागदाचा रुमाल मांडीवर घेतला आणि सुरुवात केली. आधी मधोमध. मग वरचं टोक, दोन बोटं सोडून. पहिली टाचणी इथे, दुसरी इथे. ती भरभर बोलत होती, स्वच्छ, एकेक पायरी. ओठांत टाचण्या नव्हत्या आणि कुणी गप्पही नव्हतं. अंगठा खालून आत, आणि आतलं टोक डावीकडे.

"सहाच झाल्या," एक पोरगी म्हणाली. ती बोटांवर मोजत होती. "तू सात म्हणाली होतीस."

रावेना थांबली. तिच्या रुमालात सातवी होती, पण ती उरली म्हणून तिनं कुठेतरी लावली होती.

"सातवी मागे," ती म्हणाली. "दिसणार नाही अशी." मग तिनं मान वर केली. "हो ना, मावशी?"

सगळ्या पोरी मावशीकडे बघायला लागल्या. मावशीची मान हलत होती, खालीवर, हळूहळू, या वर्षभर हलत होती तशीच. ती थांबवायला तिनं हनुवटी छातीशी दाबून धरली, हात मांडीखालून काढून गालांना लावले, तरी मान हलतच राहिली.

"हो म्हणतेय," पोरगी म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा कागदावर वाकल्या.