मागच्या बाजूचे नाव

कँटरबरीचे वृद्ध आर्चबिशप वारले, त्याला पंधरवडा झाला होता. नव्यांची निवड व्हायची होती. तोवर धर्मपीठाचा कारभार सेलरेड पाहत होता; आणि देव फार दूर, तर राजा त्याहून दूर असल्याची त्याची खात्री होती.

आर्चबिशपांच्या टांकसाळीत टिडवुल्फ नाणी पाडत असे. खालचा ठसा ओंडक्यात पक्का रोवलेला. त्यावर आर्चबिशपांचा मुंडित डोक्याचा चेहरा. वरचा ठसा हातात धरायचा. त्यावर नाणे पाडणाऱ्याचे नाव. मध्ये चांदीची चकती, वर हातोड्याचा घाव. नाणे हिणकस निघाले, तर त्या नावाच्या माणसाचा उजवा हात तोडून टांकसाळीच्या दारावर खिळ्याने ठोकत. टिडवुल्फचा उस्ताद डुन याचा हात तिथे अजून होता. चांदीतली ती भेसळ डुनची नव्हती, हे साऱ्या शहराला ठाऊक होते. कायद्याने मात्र फक्त नाव वाचले होते.

सकाळी सेलरेडने चांदीबरोबर तांब्याची टोपली पाठवली, आणि दुपारी स्वतः आला.

"घातलंस का तांबं?"

"घातलं, कारभारी. तिसरा हिस्सा. तुम्ही सांगितलं तस्सं."

"शहाणा आहेस. धन्यांचा चेहरा आहे वर, आणि मेलेला माणूस तक्रार करत नाही."

"जिवंतपणी तरी कुठं करू दिलीत?"

सेलरेड मोठ्याने हसला. धर्मसेवेत मुरलेल्या माणसाला टोमणाही स्तुतीसारखा लागतो.

टिडवुल्फने चकती ठेवली, हातोडा हाणला आणि गरम नाणे त्याच्या तळहातावर टाकले. सेलरेडने चेहरा न्याहाळला. "म्हातारा इतका देखणा कधीच नव्हता!"

"उलटं करून बघा."

"मागं काय बघायचं? तुझंच नाव."

"बघा तर खरं."

सेलरेडने नाणे उलटे केले. ओठ हलवत एकेक अक्षर जुळवले. लॅटिन प्रार्थना तो घडाघडा म्हणे; स्वतःचे नाव वाचायला त्याला बराच वेळ लागला.

"हे... हे माझं नाव आहे!"

"सकाळीच नवा ठसा कोरला. हीण ज्याचं, नाव त्याचं."

"हरामखोरा, तुला भिकेला लावीन!"

"लावा. दोन हातांनी मागेन भीक. आता बोला, पुढची चकती ठेवू?"

हातोडा उचललेलाच होता. सेलरेडची नजर दाराकडे गेली, डुनच्या वाळलेल्या बोटांवर थांबली. त्याने नकळत उजवा हात बाहीत ओढून घेतला.

"वितळव ते," तो पुटपुटला. "उद्या निखळ चांदी पाठवतो."

टिडवुल्फने नाणे मुशीत टाकले.

"आणि तो ठसा?"

"तो राहू दे, कारभारी," टिडवुल्फने ठसा पुसून फळीवर, दारातून दिसेल असा, उभा केला. "पुन्हा लागला तर कोरायचा वेळ वाचेल."